हिरव्या पेट्यांच्या गिटारी

लिहून ठेवणार: रत्नाकर वल्द प्रल्हाद विरूळकर, वय वर्षे तेवीस, धंदा सुतारकाम, राहणार जबलपूर, कमानिया गेटाच्या मागची गल्ली. सध्या मुक्काम आसाम, लष्कराचा एक डेपो, ज्याचं नाव लिहायची मनाई आहे.

मी शुद्धीवर आहे. ताप नाही, घेतलेली नाही, बंदूक रोखून कोणी बाजूला उभं नाही. बंदुका आहेत, पण त्या डोंगरापलीकडे, आणि आठवडा झाला त्यांचा आवाज इकडं येऊन राहिला. म्हणून हपिसानं सांगितलं की ज्या मजुराला आपल्या मागची व्यवस्था लावायची असेल त्यानं कागद करून द्यावा. हपिसातले कारकून विष्णुपंत नागपूरकडचे आहेत. या कागदातले कायद्याचे शब्द त्यांचे. बाकी सगळं माझं, माझ्या हातचं, मराठी चौथीपर्यंतच्या अक्षरात.

मृत्युपत्र करायचं म्हणालो तेव्हा ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "अबे, तुझ्यापाशी आहे काय? दोन धोतरं अन् एक रंधा. पोस्टकार्ड पुरे की."

मी विचारलं, "विष्णुपंत, मृत्युपत्राचा कागद कापतात का?"

"मरणाऱ्याचं कोण कापते? शिक्का मारतात अन् पाठवतात."

म्हणून हे मृत्युपत्र आहे.

पाकिटावर मी लिहिलं आहे: लिहिणारा जिवंत असताना उघडावे. बाकीच्यांचा असा कागद तेराव्यानंतर वाचतात. हा आला त्याच दिवशी वाचायचा. बेबी, आपल्या घरात तूच सातवीपर्यंत गेली, तूच मोठ्यानं वाच. आई, बंडूदादा आणि सुनेत्रावहिनी, तिघांना समोर बसव. मधून कोणी उठलं तर थांब. बसवून मग पुढं वाच.

कलम पहिले. चूल.

विष्णुपंत म्हणतात, मृत्युपत्रात आधी घर येतं, मग जमीन, मग दागिना. माझ्यात आधी चूल येते. बेबी, कागद खाली ठेव, उठ, आणि चुलीत पाणी ओत. वर वरण असलं तर वरणासकट. आई ओरडेल. ओरडू दे. ओतून ये आणि मग पुढं वाच.

कलम दुसरे. या कागदाचं कारण.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, माघात गेले. मला इथं तार नवव्या दिवशी मिळाली. डॉक्टर आधी पोट म्हणाला, मग वात म्हणाला. आईनं पत्रात लिहवलं की तीस वर्षं सरकारी कारखान्यात तोफांच्या गाड्यांची चाकं घडवली, त्यात देह झिजला. मीही तेच मानलं.

फागुनात मला इथं टाकीवर घातलं. या मुलखात ओल फार, वाळवी त्याहून फार. गोळ्यांच्या पेट्यांच्या फळ्या आधी एका हिरव्या पाण्याच्या टाकीत बुडवतात, वाळवतात, मग ठोकतात. त्या फळीला वाळवी तोंड लावत नाही. टाकीवरचा मिस्त्री बळीराम, भंडाऱ्याचा. पहिल्याच दिवशी मी सवयीनं रंध्याच्या ढलप्या गोळा केल्या, तीन विटा मांडल्या आणि चहा ठेवला. बळीरामानं लाथेनं भांडं उडवलं.

"काहून बे, मराचं हाय का? वाळवी काहून मरते वाटलं तुले? सोमल हाय त्यात, सोमल. उंदरांले घालते तो. जाळलं का धुरात येते, उरलं ते राखंत बसते."

मग त्यानं हात पुढं केले. दहाही नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, पट्टी ठेवून ओढल्यासारख्या. म्हणाला, दोन साल झाले, सुरुवातीला हातमोजे नव्हते, अन् आम्ही पण चहा असाच करत होतो.

तशा रेघा मी आधी पाहिल्या होत्या. आश्विनात मी घर सोडलं त्या सकाळी अण्णांनी माझा हात हातात घेतला, तेव्हा त्यांच्या नखांवर. मी विचारलं तर हसून म्हणाले, "लाकडाला नाही का रेघा येत? जुनं झालं की येतात."

आता आपल्या घराचा अभिमान काय ते आठवा. विरूळकरांच्या घरी लाकडाचं काही वाया जात नाही. फळीची गिटार. तुकड्यांच्या खुंट्या. ढलप्या आईच्या चुलीत. भुसा हिवाळ्यात अण्णांच्या शेगडीत, अण्णा तिला पोटाशी घेऊन बसायचे. राखेनं भांडी. फडक्यातून चाळलेली राख अण्णांची राखुंडी, दोन वेळा दाताला. त्यातूनही उरली ती शेवग्याच्या मुळाशी. शेवगा वाळला तेव्हा आपण म्हणालो, दृष्ट लागली.

आई, ऐकून राहिली ना? तू काही केलेलं नाही. तू जन्मभर जे केलं तेच केलं. ती लाकडं घरात मी आणली.

कलम तिसरे. पेट्या घरात कशा आल्या.

हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मृत्युपत्रात खरं लिहावं लागतं म्हणून लिहितो. बेचाळीस साली जहाजं थांबली आणि विलायती गिटार यायची बंद झाली. इकडं शहरात गोऱ्या पलटणी उतरलेल्या, आणि रेल्वे कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमधले शनिवारचे नाच तर चालूच. गार्ड कॉर्नेलियससाहेब आपली पोट फुटलेली गिटार घेऊन सगळ्या बाजारात फिरला आणि शेवटी आपल्या दारात आला. मी ती दुरुस्त करताना आत हात घालून पाहिलं, कागदावर उतरवली, लाकडाचा साचा केला. दादा म्हणाला होता, "चाकवाल्याचा पोरगा सारंग्या करून राहिला. चलो, आता नाच पण."

साचा झाला, पण लाकूड? चांगलं लाकूड सगळं लढाईनं उचललेलं. तेव्हा युक्ती मी काढली. भय्यासाहेब ठेकेदार फुटक्या लष्करी पेट्या लिलावात घ्यायचे. मी म्हणालो, त्या आपण घेऊ. सरळ रेषेची फळी, वाळलेली. दादाला मी एक फळी उन्हात धरून दाखवली. "बघ, कुठं कुठं फिरून आली, ओल खाल्ली, अन् किडीचं एक भोक नाही. देवाचं लाकूड आहे." भोक काहून नाही, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. तीन पिढ्यांचे सुतार आपण. भय्यासाहेब एवढंच म्हणाले होते, "रंग ज़रा हरा है भैया, घिस लेना।" आणि आपण घासला. काचकागदानं, तोंडाला फडकं न बांधता, अंगणात, जिथं आई पापड वाळवते.

कलम चौथे. आधीची दोन पत्रं.

बळीरामानं सांगितलं त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. इथं पत्रं तपासतात, आणि पेटी, टाकी, डेपो असं काही दिसलं की कात्री लावतात. दादाचं उत्तर परवा आलं. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो:

"तुझ्या पत्राला खिडक्या पाडल्या बे. वर नमस्कार, खाली नमस्कार, मधून आरपार सुनेत्रा दिसते. काय लिहिलं होतं? धंदा झकास आहे, बावन्नावी काल गेली. भय्यासाहेबांकडून आणखी साठ पेट्या घेतल्या, अंगणभर रचून ठेवल्या. सुनेत्राचे केस मूठमूठ हातात येतात, पायांना मुंग्या म्हणते. सातवा लागला, त्याचंच असेल."

त्याचं नाही, दादा. त्या साठ पेट्यांसाठी आणि वहिनीच्या पोटातल्या जिवासाठी हा कागद आहे. बाकी कलमं कागद मोठा दिसावा म्हणून नाहीत, पण पहिलं आणि हे पाळलं तर बाकीची फाडली तरी मी रागावणार नाही. वहिनींना आजच्या गाडीनं माहेरी बालाघाटला पाठवा. शकुन बघत बसू नका.

कलम पाचवे. बंडूदादास.

थोरले बंधू रामकृष्ण ऊर्फ बंडू यांस मी एक खरी गोष्ट ठेवून जातो.

दादा, तू हे ऐकून म्हणशील, रत्न्या जळतो. स्वतः एक जागी बसवत नाही म्हणून पळाला, आणि आता मागं धंदा चालला तर म्हणतो लाकूड फेक. तू म्हणशील, विष असेल तर असेल, पण त्या पेटीसारखं कोणतं लाकूड गातं? पहिली गिटार अख्ख्या इन्स्टिट्यूटनं उभं राहून ऐकली की नाही?

ऐकली. पण ती पेटीची नव्हती.

तू साळ्याच्या लग्नाला चार दिवस बालाघाटला गेला होता. तेव्हा कॉर्नेलियससाहेबानं इन्स्टिट्यूटच्या मोडीत निघालेल्या पियानोची आतली फळी मला आणून दिली. विलायती लाकूड, पन्नास साल वाळलेलं, टिचकी मारली तर घंटेसारखं. गिटारीचं तोंड, म्हणजे तारांखालची फळी, मी त्याचं केलं. पेटीच्या फक्त बाजू आणि पाठ. नाच संपल्यावर गोऱ्या शिपायांनी विचारलं, लाकूड कशाचं? मी छाती काढून म्हणालो, तोफगोळ्याच्या पेटीचं, साहेब. त्यांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांवर आपला कारखाना उभा राहिला, आणि मग खरं सांगायला तोंड उरलं नाही.

त्यानंतरची प्रत्येक गिटार तू कानाशी धरून ठोकायचा आणि म्हणायचा, "नाही बे, तो आवाज नाही. माझ्या हातातच नाही ते." मी बाजूला बसून सरस ढवळत ऐकायचो. आपलं शेवटचं भांडण झालं तेव्हा तर मी तुला म्हणालो, चाक ठोकणाऱ्याच्या हाताला सूर कुठून येणार. दादा, तुझ्या हातात होतं. फळीत नव्हतं. मी निघून आलो तो भटकायच्या हौसेनं असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तू दर आठवड्याला ते शोधताना मला बघवेना.

कलम सहावे. कारखाना.

कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा, गिटारीचा साचा, बाजू वाकवायची लोखंडी नळी, माझ्या पटाश्या आणि दोन रंधे मी रामकृष्ण यांस देतो, पण पुढील अटींवर.

साठही पेट्या अंगणातून जातील. जाळायच्या नाहीत. हलवायाला जळण म्हणून द्यायच्या नाहीत, तो मागेल, आणि सगळं शहर त्याची जिलबी खातं. आई म्हणेल नर्मदामाईत सोडा. सोडायच्या नाहीत, खाली लोक पाणी पितात. वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर, मुरमात माणसाएवढा खड्डा करून पुरायच्या. चुलीची, शेगडीची, शेवग्याखालची राख आणि अंगणाची वरची वीतभर माती पण त्याच खड्ड्यात. तोंडाला ओलं फडकं बांधून. आईची भांडी मातीनं घासा. राखुंडीचा डबा अण्णांची आठवण म्हणून कोणी ठेवला असेल तर तोही पुरा.

विकलेल्या बावन्नांबद्दल. बळीराम म्हणतो वर पॉलिश आहे, वाजवणाऱ्याला भीती नाही. तो मिस्त्री आहे, डॉक्टर नाही. म्हणून ज्यांचा पत्ता आहे त्यांच्या घरी जाऊन सांगायचं: मोडली तर चुलीत घालू नका, आमच्याकडं आणा, बदल्यात दुसरी देऊ. दादा याला दिवाळं म्हणेल. मी याला दुकान म्हणतो. माल परत घेणारा दुकानदार कमानिया गेटापाशी आजवर कोणी पाहिला नाही, लोक बघायला येतील.

पेट्या गेल्या म्हणजे धंदा गेला असं समजू नका. मी इथं सहा महिने दुसरं काही केलं नाही, फक्त आपल्या धंद्याचाच विचार करून राहिलो. आज जे विकत घेतात ते उद्या नसतील. गोरे शिपाई लढाई संपली की जहाजात बसतील. कॉर्नेलियससाहेब स्वतः मला म्हणाला होता, "मिस्त्री, लड़ाई के बाद हम लोग किधर रहेगा, मालूम नहीं।" त्यांच्या नाचावर घर बांधायचं नाही.

इथं भांडारातले बंगाली बाबू गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारेवर लोखंडाची कांडी सरकवून वाजवतात. आपलीच गाणी. गळ्यासारखी मींड निघते, ऐकणारे जेवायचे थांबतात. दादा, त्या गिटारीत बोट पडद्याला लागतच नाही, म्हणजे पडदा केसभर चुकला तरी चालतो, आणि तुझं अडतं ते तिथंच. दांडी जाड आणि चौकोनी ठेव, घोडी उंच कर, तारा वर उचल. एकच बनव. नेपियर टाउनात बंगाली डॉक्टर, वकील, रेल्वेबाबू आहेत. त्यांच्याकडं ती महिनाभर ठेवून ये आणि किमतीचं बोलू नको. त्यांच्या मुली वाजवतील. मुली वाजवायला लागल्या की शेजारच्या आया आपोआप येतात.

लाकूड शिवणीच्या झाडाचं घे. बरगीकडं मिळतं, तिकडचे लोक खमेर म्हणतात. हलकं आहे, वाकतं, फिरत नाही. ओंडका घेऊन चिरून दोन साल सावलीत ठेव. तोवर नवीन करू नको, दुरुस्त्या कर, तारा विक. मग सालाला आठ कर, चाळीस नाही. चाळीस वाईट गिटारी म्हणजे चाळीस घरांत बसून आपली बदनामी वाजवणारी माणसं. पावसाळ्यात सरस लावू नको. मे महिन्यात लू सुटली की कारखान्यात पाण्याचे दोन माठ उघडे ठेव, नाहीतर सांधे बोलतात.

अटी पाळल्या नाहीत तर माझा हिस्सा बेबीचा. तिनं साचा कुऱ्हाडीनं फोडावा आणि आईला घेऊन त्या घरातून निघावं.

कलम सातवे. किरकोळ.

पोस्टात माझे जे पैसे असतील ते बेबीच्या शाळेला. तिला पुढं शिकवायचं, कोणी स्थळ आणलं तरी. माझी सायकल वहिनींच्या बाळाला, त्याचे पाय पोचेपर्यंत दादानं वापरावी आणि ब्रेक नीट ठेवावा. आईला माझा नमस्कार, आणि एवढंच की रोज उठून स्वतःला दोष द्यायचा असेल तर अर्धा मला द्यायचा.

भय्यासाहेबांना काही नाही. त्यांना माहीत होतं असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो, कारण दुसऱ्यावर ढकललं की झोप येते. आता वाटतं, माहीत नसावं. त्यांच्या वाड्यावर हिवाळ्यात अंघोळीचा बंब पेट्यांवरच तापायचा. बेबी, जाऊन त्यांच्या नातवंडांची नखं बघून ये.

कलम आठवे. उत्तर.

उत्तरात पेटी, लाकूड, हिरवं काही लिहू नका. फक्त लिहा: आई आता कोळशावर स्वयंपाक करते. हे वाक्य कोणी कापणार नाही. ते आलं की मी समजेन.

सहीआधी वाढवलेलं कलम.

वरचं लिहून झालं तेव्हा जेवणाची घंटा झाली. बाहेर आलो तर लंगरावरचा धूर वेगळा दिसला. जळणाच्या लॉऱ्या पाच दिवस आल्या नाहीत, सगळ्या लॉऱ्या पलटणी उचलून राहिल्या. लंगरवाल्यांनी कालपासून आमच्या आवारात वाळत ठेवलेल्या फळ्या फोडून भट्टीत घातल्या. इथं चारशे माणसं जेवतात. राख उडून परातींवर बसत होती आणि माणसं फुंकर मारून खात होती. काल मीही खाल्लं. बळीराम हवालदाराला सांगायला गेला. हवालदार म्हणाला, "जापानी सिर पे बैठा है और तुझे चूल्हे की पड़ी है?" बळीराम भट्टीच्या तोंडासमोर मांडी घालून बसला आहे, उठत नाही, कोणाला फळी टाकू देत नाही. त्याला उचलायला दोन शिपाई निघाले आहेत. मी जातो. दोघं बसलो तर चार लागतील, आणि तेवढ्यात भट्टी विझेल.

विष्णुपंत दारात आडवे उभे आहेत. म्हणतात, "आधी सही कर. मग जा."

येणेप्रमाणे मी स्वखुशीनं, वाचून, समजून लिहिलं.

सही: रत्नाकर प्रल्हाद विरूळकर

साक्षीदार:
१. विष्णुपंत गणेश हरकरे, कारकून, मूळ राहणार नागपूर. सही माझ्यासमोर झाली.
२. बळीराम तुकाराम मेश्राम, मिस्त्री, मूळ राहणार भंडारा. डाव्या अंगठ्याची निशाणी, भट्टीसमोर जाऊन घेतली.

मुक्काम आसाम. वाचण्याचं ठिकाण जबलपूर.
बुधवार, तारीख १२ एप्रिल १९४४.